सुपरचार्जरच्या गाडीतला आयडल व्हॉल्व्ह काढायचा का? आधी त्याची नळी कुठून येते ते बघा

आधी उत्तर देते, कारणं नंतर. आयडल व्हॉल्व्ह, म्हणजे पाय सोडलेला असताना इंजिनाला चालू राहण्यापुरती हवा देणारा छोटा व्हॉल्व्ह, काढला की पॉवर वाढते असं काही मालक सांगतात. सुपरचार्जरच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप बसवलेल्या, गाडीत तसं होत नाही. काही गाड्यांत त्या व्हॉल्व्हच्या वाटेने बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब) मागे गळत असतो. तिथे गळती थांबवली की पॉवर परत मिळते, आणि त्यासाठी व्हॉल्व्ह काढावा लागत नाही.

मी सुपरचार्जर बसवलेल्या गाड्यांचं ट्यूनिंग करते. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना मालकांनी किट स्वतः घरी बसवलेलं असतं. व्हॉल्व्ह काढलेली गाडी मी लगेच ओळखते. सकाळी ती दोनतीनदा बंद पडून चालू होते, सिग्नलला पाय सोडला की आरपीएम खाली कोसळतो आणि मालक ब्रेकवर टाच ठेवून अंगठ्याने रेस देत उभा असतो. एवढा त्रास सोसून फुल थ्रॉटलला हाती काहीच येत नाही, हे बघून मला वाईट वाटतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

व्हॉल्व्हचं काम

पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद होते. इंजिन चालू राहायला थोडी हवा तरी लागतेच. ती चकतीला वळसा घालून एका छोट्या वाटेने जाते आणि त्या वाटेवर हा व्हॉल्व्ह बसलेला असतो. काही गाड्यांत तो सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणारा) असतो, काहींत स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी). इंजिन थंड असताना ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) तो जास्त उघडतो. एसीचा कॉम्प्रेसर लागला, स्टीअरिंग पूर्ण वळवलं, हेडलाइट आणि पंख्यामुळे अल्टरनेटरवर भार आला, ऑटोमॅटिक गिअर डी मध्ये टाकला, की त्या त्या हिशेबाने उघडझाप करतो. आणखी एक काम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वेगात असताना पाय झटकन सोडला की हाच व्हॉल्व्ह थोडी हवा चालू ठेवतो, त्यामुळे आरपीएम आदळत नाही, सावकाश उतरतो.

थ्रॉटलला केबल नसेल, म्हणजे चकती मोटरने फिरत असेल, तर वेगळा आयडल व्हॉल्व्ह सहसा नसतोच. २००२ ते २००६ च्या सुपरचार्ज्ड मिनी कूपर एस मध्ये तो शोधू नका. चकतीच स्वतः आयडल सांभाळते.

फुल थ्रॉटलला तो आड येतो का?

साधा हिशेब करू. थ्रॉटल ६५ मिलिमीटरचा असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ३३०० चौरस मिलिमीटर. आयडलची वाट १० मिलिमीटरची धरली तर ७८ चौरस मिलिमीटर, म्हणजे अडीच टक्क्यांपेक्षाही कमी.

आता दाब बघा. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांत) साधारण ३० ते ४० किलोपास्कल निरपेक्ष दाब असतो, बाहेर समुद्रसपाटीला सुमारे १००. खालचा दाब वरच्या दाबाच्या ५३ टक्क्यांखाली गेला की त्या छिद्रातली हवा ध्वनीच्या वेगाला पोचते. म्हणून एवढंसं भोक अख्ख्या इंजिनाला पुरतं. फुल थ्रॉटलला चकतीच्या दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा होतो, फरक राहतो एखाद-दोन किलोपास्कलचा. ढकलायला जोरच उरला नाही, तर त्या वाटेने जाणार तरी किती? आणि जी हवा जाते ती इंजिनातच जाते. वाट बुजवली तर हवा कणभर कमी मिळेल, जास्त कशी मिळेल?

वजनाचा मुद्दा काढणाऱ्यांना एवढंच सांगते की व्हॉल्व्ह, कंस आणि नळी मिळून काहीशे ग्रॅमच्या पुढे जात नाहीत.

थ्रॉटल ब्लोअरच्या आधी की नंतर

सगळा निर्णय या एका गोष्टीवर आहे. ब्लोअर म्हणजे सुपरचार्जरच.

पहिली मांडणी: थ्रॉटल आधी, ब्लोअर नंतर. रूट्स आणि ट्विन-स्क्रू ब्लोअरच्या (दोन रोटर फिरवून हवा ढकलणाऱ्या) बहुतेक गाड्या अशाच. पॉन्टिॲक ग्रँड प्री जीटीपीचं ३८०० सिरीज टू सुपरचार्ज्ड इंजिन, ज्यावर ईटनचा एम९० बसतो, ते या प्रकारचं. २००३-०४ ची मस्टँग कोब्रा, ईटन एम११२ वाली, तीही अशीच. इथे आयडलची हवा ब्लोअरच्या तोंडाशी सोडली जाते. बूस्ट तयार होतो ब्लोअरच्या पलीकडे, आणि आयडल व्हॉल्व्ह आहे अलीकडे. त्याला बूस्ट दिसतच नाही. या गाडीत ‘व्हॉल्व्हमधून बूस्ट गळतो’ असं कोणी सांगितलं तर त्याने नळ्या नीट बघितलेल्या नाहीत.

दुसरी मांडणी: ब्लोअर आधी, थ्रॉटल नंतर. सेंट्रिफ्युगल (पंख्यासारख्या चाकाने हवा दाबणारे) किट बहुतेक असे बसतात. इथे आयडल व्हॉल्व्हला हवा कुठून मिळते ते शोधावंच लागतं. ब्लोअर आणि थ्रॉटलच्या मधल्या पाइपातून मिळत असेल तर दोन्ही बाजूंना बूस्टच आहे. काही गळत नाही, विषय संपला. व्हॉल्व्ह थेट थ्रॉटल बॉडीवर बोल्टने बसलेला असेल आणि चकतीच्या अलीकडून हवा घेत असेल तर तुम्ही याच गटात.

घोटाळा होतो तो किट बसवताना. मूळ गाडीत व्हॉल्व्हची नळी एअर फिल्टरच्या डब्यापाशी जोडलेली असते. नवा पाइप आला, त्यावर नळीचं तोंड नव्हतं, म्हणून बसवणाऱ्याने नळी फिल्टरजवळच राहू दिली किंवा टोकाला छोटा फिल्टर लावून मोकळी सोडली. आता मॅनिफोल्डमध्ये बूस्ट आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. व्हॉल्व्ह उघडा असेल तेवढा बूस्ट उलटा बाहेर जाणार. फुल थ्रॉटलला ईसीयू व्हॉल्व्ह बंद करत असेल असं समजू नका. पाय सोडल्यावर आरपीएम आदळू नये म्हणून कितीतरी ईसीयू तो मुद्दाम थोडा उघडून ठेवतात.

ही गळती किरकोळ नसते. २ लिटरचं इंजिन, ६००० आरपीएम, अर्धा बार बूस्ट आणि तीच १० मिलिमीटरची वाट पूर्ण उघडी धरून मी हिशेब केला, तर इंजिनाला सेकंदाला सुमारे १५० ग्रॅम हवा लागते आणि १७-१८ ग्रॅम मागे निसटते. व्हॉल्व्ह अर्धा उघडा असेल तर त्याच्या निम्मी. अशा गाडीत वाट बुजवली की पॉवर खरंच वाढते, आणि मालक ठामपणे सांगत सुटतो की व्हॉल्व्ह काढा. त्याचा अनुभव खरा आहे. कारण मात्र त्याने चुकीचं धरलं, आणि ज्यांची मांडणी वेगळी आहे ते त्याचं ऐकून आपली चांगली चालणारी गाडी बिघडवतात.

तपासणी

इंजिन थंड असताना व्हॉल्व्हपासून सुरुवात करा आणि नळी बोटाने धरून दोन्ही टोकांपर्यंत जा. नुसत्या नजरेवर विसंबू नका, इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपांमागे नळ्या वाटेल तशा वळतात. कागदावर साधी आकृती काढा: फिल्टर, मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असेल तर तो, ब्लोअर, इंटरकूलर, थ्रॉटल, मॅनिफोल्ड. नळीची दोन टोकं कुठे लागतात ते त्यावर मांडा. बहुतेक प्रश्न इथेच सुटतो.

नंतर दाबाची चाचणी. ब्लोअरच्या तोंडाला घट्ट झाकण लावायचं आणि रेग्युलेटर लावून कॉम्प्रेसरची हवा हळूहळू सोडायची. दाब तुमच्या नेहमीच्या बूस्टच्या वर नेऊ नका. सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. व्हॉल्व्हची ओ-रिंग, गॅस्केट, नळीच्या क्लिपा, फुगे कुठे येतात ते बघा. थोडी हवा पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये जाते आणि ऑइलच्या झाकणातून फुसफुसते, त्याने गोंधळू नका.

खात्री हवी असेल तर डायनोवर (गाडी जागेवर पळवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर तुलना करा. सार्वजनिक रस्त्यावर हे करू नका. इंजिन गरम झाल्यावर आयडलची वाट रबरी बुचाने किंवा तात्पुरत्या पट्टीने बंद करा आणि एकाच गिअरमध्ये २५०० आरपीएमपासून रेडलाइनपर्यंत लॉग घ्या. मॅनिफोल्डचा दाब, आरपीएम, आत येणाऱ्या हवेचं तापमान, इग्निशन टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) आणि आयडल व्हॉल्व्हची ड्युटी (ईसीयू तो किती उघडतोय ते), एवढे रकाने हवेतच.

इथे मोठा धोका आहे, तो नीट समजून घ्या. व्हॉल्व्ह काढायला वेळ लागतो. तेवढा वेळ बॉनेट उघडं, इंटरकूलर आणि ब्लोअर थंड होत राहतात. शिवाय बॅटरीची तार काढली असेल तर ईसीयूने नॉकमुळे (सिलिंडरमध्ये मिश्रण भलत्या वेळी पेटल्यामुळे) शिकून मागे घेतलेलं टायमिंगही पुसलं जातं आणि गाडी काही काळ पुढच्या टायमिंगवर पळते. काम संपवून चक्कर मारली की गाडी खरोखर जोरात वाटते, आणि श्रेय जातं व्हॉल्व्हला. म्हणून क्रम ठेवा: वाट उघडी, वाट बंद, पुन्हा उघडी. प्रत्येक वेळी आतल्या हवेचं तापमान दोनतीन डिग्रीच्या आत सारखं येईपर्यंत थांबा. तिसऱ्या रनचा आलेख पहिल्यावर बसला आणि दुसरा वेगळा निघाला, तरच फरक व्हॉल्व्हच्या वाटेचा.

गळती सापडली तर

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे नळी योग्य जागी नेणं: ब्लोअरनंतरच्या पाइपवर तोंड वेल्ड करून घ्या आणि तिथून व्हॉल्व्हला हवा द्या. पाइप काढून वेल्ड करा, आतला कचरा आणि ठिणग्यांचे मणी पूर्ण साफ करा, मगच बसवा.

ते जमत नसेल तर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने हवा जाऊ देणारा. तो आयडल व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये बसला तर उत्तम, म्हणजे आयडल व्हॉल्व्हवरही बूस्ट येत नाही. मॅनिफोल्डकडे तोंडाने फुंकर गेली पाहिजे आणि उलट्या बाजूने अजिबात येता कामा नये, बसवण्याआधी फुंकून बघाच. चेक व्हॉल्व्हचं छिद्र आयडलच्या वाटेपेक्षा लहान नको, नाहीतर थंड इंजिनाला हवा पुरणार नाही. इंधनाच्या बारीक नळीत बसणारे चेक व्हॉल्व्ह इथे चालत नाहीत. नळी दोरा गुंफलेली घ्या, साधी व्हॅक्यूमची नळी बूस्टने फुगते, आणि क्लिप दोन्ही टोकांना लावा.

मास एअरफ्लो सेन्सरची गाडी असेल तर आयडलची हवा सेन्सरमधून मोजली जाऊनच आली पाहिजे. टोकाला छोटा फिल्टर लावून मोकळ्या सोडलेल्या नळीतून येणारी हवा ईसीयूला कळत नाही आणि आयडलला मिश्रण पातळ होतं.

बूस्ट कमी वाटतो? बायपास व्हॉल्व्ह बघा

आयडल व्हॉल्व्हवर ज्याचा आळ येतो तो खरा चोर पुष्कळदा बायपास व्हॉल्व्ह असतो. रूट्स ब्लोअरच्या गाड्यांत हलक्या थ्रॉटलला ब्लोअरच्या पुढची हवा पुन्हा मागे वळवायला हा असतो. त्याच्या ॲक्च्युएटरमध्ये स्प्रिंग आणि पडदा: व्हॅक्यूम आला की उघडतो, व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग बंद करते. इंजिन आयडलला असताना त्याचा दांडा पूर्ण ओढलेला दिसायला हवा आणि थ्रॉटल झटकन दिला की लगेच सुटायला हवा. दांडा अर्ध्यात अडकत असेल, तेलाच्या चिकट थराने चकती पूर्ण बंद होत नसेल, तर बूस्ट तिथल्या तिथे गोल फिरत राहतो आणि हवा तापते. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ॲक्च्युएटर ओढून धरा. पंपाची सुई खाली येत राहिली तर पडदा फाटलाय.

त्यानंतर बेल्ट. वरच्या आरपीएमला बूस्ट चढायचा थांबून खाली येऊ लागला तर बेल्ट घसरतोय का बघा, पुलीवर काळी भुकटी दिसेल. एअर फिल्टरही बघा, कारण ब्लोअरच्या आधी एक किलोपास्कल अडला की ब्लोअर तोच तोटा आपल्या दाबाच्या पटीत वाढवून पुढे देतो. सगळा वेळ आणि पैसा मी इथे घालायला सांगेन.

आयडलच वाकडं वागत असेल म्हणून व्हॉल्व्ह काढावासा वाटत असेल तर आधी तो साफ करा. पीसीव्हीतून (क्रँककेसमधली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या वाटेतून) आलेलं तेल आणि कार्बन साचून तो अडकतो. खोलून थ्रॉटल बॉडी क्लीनरने धुवा. स्टेपरची सुई हाताने दाबू किंवा ओढू नका, आतले आटे जातात. कॉइलचा रेझिस्टन्स रिपेअर मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा, गॅस्केट नवं घाला आणि गाडीच्या पद्धतीप्रमाणे ईसीयूला आयडल पुन्हा शिकवा.

तरीही काढायचाच असेल

फक्त ट्रॅकवर पळणारी गाडी, स्वतंत्र ईसीयू, एसी नाही, ऑटोमॅटिक गिअर नाही: अशा गाडीत काढायला मी नाही म्हणत नाही. नळ्या कमी, बिघडायच्या जागा कमी. मूळ ईसीयू असेल तर मात्र नाहीच म्हणते. पी०५०५, पी०५०६ असे आयडलच्या बिघाडाचे कोड येतील, चेक इंजिनचा दिवा लागलेला राहील आणि प्रदूषण तपासणीत गाडी अडकेल.

सुपरचार्जरच्या गाडीत हे काम साध्या इंजिनापेक्षा कठीण असतं. थ्रॉटल ब्लोअरच्या आधी असेल तर थ्रॉटल ते इनटेक व्हॉल्व्ह यांच्या मध्ये ब्लोअर आणि इंटरकूलर एवढी पोकळी असते. थ्रॉटलशी हवा बदलली तरी सिलिंडरपाशी ते उशिरा कळतं, म्हणून आयडल झोके घेतं. त्यात मोठे इंजेक्टर असतील तर आयडलला ते इतक्या कमी वेळासाठी उघडतात की मिश्रण एका जागी ठरत नाही. शिवाय ब्लोअर फिरवायचा भार कायमचा.

जागा बंद करायला ३ ते ५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सपाट पट्टी आणि कागदी गॅस्केट वापरा. सिलिकॉन सीलंट फासू नका. त्याचा सुटलेला तुकडा ब्लोअरच्या रोटरमध्ये गेला तर तिथल्या बारीक फटीत काय होईल ते सांगायला नको. त्याच कारणाने थ्रॉटलपाशी काम करताना ब्लोअरचं तोंड स्वच्छ कापडाने भरून ठेवा आणि कापड काढल्याचं दोनदा बघा. व्हॉल्व्हमधून कूलंट फिरत असेल तर दोन्ही नळ्या एकमेकींना जोडा आणि कूलिंगमधली हवा काढा.

आयडलची हवा आता थ्रॉटलच्या चकतीतूनच द्यायची. स्टॉप स्क्रूने चकती किंचित उघडा आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा शून्य पुन्हा लावा, नाहीतर ईसीयूला थ्रॉटल बंद झालाय हे कळणारच नाही. स्क्रूने चकती फार उघडावी लागत असेल तर चकतीत २-३ मिलिमीटरचं भोक पाडणं बरं. लहानापासून सुरू करा, भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. चकती बाहेर काढून भोक पाडा, जागेवर नाही.

आता आरपीएम सांभाळायचं काम टायमिंगवर येतं, आणि टायमिंग हवेपेक्षा कितीतरी चपळ आहे. लक्ष्य १००० आरपीएम धरा आणि तिथे टायमिंग १२ ते १५ डिग्री ठेवा. ८०० ला २० च्या आसपास, १२०० ला ८ च्या आसपास. आरपीएम पडला की टायमिंग पुढे जाऊन इंजिनाला उचलतं, चढला की मागे येऊन आवरतं. ईसीयूमधल्या टायमिंगच्या या कोष्टकात एका घरातून दुसऱ्यात मोठी उडी ठेवू नका, आयडल उड्या मारेल. मिश्रण आयडलला थोडं समृद्ध ठेवलेलं बरं. टायमिंग फार मागे ठेवलं तर त्याच आरपीएमला जास्त हवा द्यावी लागते, मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम कमी होतो आणि बायपास व्हॉल्व्ह अर्धवट मिटू लागतो. आयडलला ब्लोअरची शिटी ऐकू आली तर हेच चाललंय.

पाय सोडल्यावर बंद होणारं इंधन परत कधी सुरू होतं तो आकडाही वाढवा. १४०० असेल तर १८०० करा, नाहीतर आरपीएम सावरायला वेळच मिळणार नाही. थंड इंजिनाला हवा जास्त लागते, ती आता स्वतःहून मिळणार नाही. सुरुवातीची काही मिनिटं पाय थ्रॉटलवर ठेवावा लागेल. ते नको असेल तर आयडलच्या वाटेवर एक साधा चालू-बंद सोलेनॉइड ठेवा आणि कूलंटच्या तापमानावर ईसीयूकडून चालवा. मला स्वतःला हा मधला मार्ग आवडतो.

शेवटची परीक्षा मोकळ्या मैदानात किंवा बंद ट्रॅकवर घ्या, कारण इंजिन बंद पडलं की स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत एकदोन दाबांपुरतीच उरते. रात्रभर उभी राहिलेली गाडी थंडीत चालू करून बघा, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करून बघा. पंखा आणि हेडलाइट लावून उभ्या गाडीचं स्टीअरिंग टोकापर्यंत वळवा. मग तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन एकदम पाय सोडा आणि क्लच दाबा. आरपीएम ७०० च्या खाली जाऊन परत येत असेल तर इंधन परत येण्याचा आकडा आणखी २०० ने वर घ्या, ८०० च्या घरातलं टायमिंग दोन डिग्री पुढे करा आणि तीच परीक्षा पुन्हा घ्या. लागोपाठ प्रत्येक वेळी ती तरेपर्यंत गाडी रहदारीत नेऊ नका.